पाचशेच्या आत

समुद्रकिनाऱ्याच्या फाटकाशी, रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा मुलगा होता.

"पाचशे झाले, आजी. कुणी बाहेर आलं की मगच आत."

"अहो वॉचमन, सत्तर वर्षांत पहिल्यांदा समुद्र बघणार आहे मी!"

"आई, जरा दमानं घे."

"तू गप्प रे. काय हो, सकाळी पहिलं आत कोण गेलं?"

"मीच. कचरापेट्या ठेवायला."

"स्वतःला मोजलंत?"

"मोजणारच. कुणी आत गेलं की या मोजणीयंत्राचं बटण दाबायचं, नियमच आहे."

"आणि बाहेर आलात तेव्हा एक कमी केलात?"

"अरेच्चा! राहिलंच की!"

"म्हणजे आत चारशे नव्याण्णवच!"

"हो, पण आजी, जागा एकच. तुम्ही तर दोघं..."

"दोघं कुठले? धर रे माझ्या चपला!"