कोळसा भिजवाचा असते

माहं माहेर नेरकडचं, अन् दिली मले इकडे फुलसावंगीच्या शिवारात. बाप माहा बाभळीचा कोळसा पाडे, लोहारायले पुरवे, त्याच्या हाताखाली मी वाढली, तं कोळशाचं मले कोन शिकवनार असा माहा तोरा होता, अजून भी हाये, पन त्या तोऱ्यानंच मले एकदा तोंडघशी पाडलं, थेच सांगते तुमाले.

आमच्याकडे कापूस निंगाला का कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटाच्या अन् धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, पेटवून द्याच्या, साऱ्या गावाची हीच रीत. आधी चुलीले लागत होत्या, गॅस आला तं ते भी सरलं. धूर असा का माहा सासरा खोकलून खोकलून अर्धा होये. मंग गावात एक शिकवनारे सर आले, म्हने बाई, राख कायले करता, कोळसा करा, निमुळत्या खड्ड्यात थरावर थर टाकून जाळा, वरून जाळ राह्यला का धूर होत नाई, अन् थो कोळसा वावरात टाका, पानी धरते, खत धरते, वर्षानुवर्षं मातीत राह्यते. मी म्हनलं हे तं आमच्या घरचंच काम.

सर म्हने पानी मारून विझवा, मी माती लोटून विझवला. सर म्हने टाकाच्या आधी शेन-गोमुत्रात तीन आठवडे मुरू द्या, मी मान हालवली अन् केलं काहीच नाई. कायले करू? ओला कोळसा म्हनजे बापाच्या लेखी मातेरं, एक टोपलं भिजलं तं बाप दिवसभर जेवत नव्हता. मी थो कोरडा कुटला, चाळला, काय सांगू तुमाले, काजळासारखा बारीक केला, अन् तसाच वावरात टाकला.

माही मोठी जाऊ, वत्सलाबाई, तिचं वावर माह्या धुऱ्याले लागून. तिले म्हनलं, बाई, तुमी भी टाका. ती जन्मात कोनाचं आयकत नाई, माहं आयकलं. अन् पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली तं दोघींच्या वावरात पिवळी, सारी पिवळी. सरायले इचारलं तं म्हने कोळशाले बारीक भोकं असतात, थो उपाशी टाकला का मातीतलं खत आधी आपल्याच पोटात ओढते, तुमी मुरवला होता ना? मी म्हनलं, नाई, कोरडाच टाकला. जाऊबाई बाजूलेच उभी होती. तशीच घरी गेली, अन् माह्याशी बोलनंच सोडलं. पीक गेलं त्याचं मले तेवढं नाई वाटलं, पन धुऱ्यावर समोरासमोर येऊन ती तोंड फिरवे, थे मले लय लागे.

दुसऱ्या वर्षी मी टाक्यात शेन, गोमुत्र, गूळ कालवून कोळसा मुरवला. टोपलं ओतताना बापाचीच आठवन येत होती. पावसानं मधी दडी मारली, दुपारी सगळ्याईच्या पऱ्हाट्या माना टाकत होत्या, माह्या ताठ. एक दिवस पाहते तं जाऊबाई माह्या वावरात बसलेली, बोटानं माती उकरून राह्यली. ओली लागली तिले. उठली अन् गेली. पन सकाळी माह्या टाक्यापाशी तिच्या गोठ्यातलं शेनाचं टोपलं ठेवलेलं होतं, पाहताच वळखलं मी.

आता खड्डा आमचा दोघीचा हाये. गावात धूर लय कमी झाला, सासरा दुपारचा ओसरीवर निवांत झोपते. पोरीबाळी शिकाले येतात, मी ऐटीत सांगते, थर कवा टाकाचा, कवा विझवाचा. अन् माहं सांगनं सरलं का जाऊबाई मागून इचारतेच, अनू, भिजवला का नीट? दर खेपेले, साऱ्याईच्या समोर. कोळसेवाल्याची लेक मी, तरी म्हनते, हो बाई, भिजवला. देवानं तिची जीभ अशीच चालू ठेवावी. एक वरीस मुकी होती, थे मले पुरलं.