कुंडीतली जम्मी

माह्या शमीच्या बोन्सायचं सांगितलं का तुले? वीतभर झाड, प्रदर्शनासाठी लेकरावानी जपलेलं. इकडं शमीले जम्मी म्हणतात; आपट्यावानी तिचीच पानं सोनं म्हणून वाटतात. दसऱ्याले शेजारच्या काकू आल्या अन् थबकल्याच.

"अय माय, घरातच जम्मी! मंग मी पूजेले मैदानात काऊन जाऊ?"

पाया पडल्या अन् सोनं म्हणून पानं खुडून नेली. मागून सारी गल्ली आली. सणाच्या दिवशी नाही कसं म्हणावं? दिवेलागणीले झाड पार बोडकं!

प्रदर्शनापर्यंत नवी पानं फुटली, पण मोहरीएवढी. मी मान खाली घालून उभा. परीक्षक मात्र चष्मा सावरून वाकून वाकून पाहून राह्यले.

"पानं बारीक यावीत म्हणून आम्हीही जुनी खुडतो, पण एकही न सोडता? ही कोणती पद्धत?"

म्हटलं, "सायेब, दसरा."