नवा पट्टा, जुना पंप

...नाही नाही, तुम्हीच सांगा, गाडी कोणाची? माह्यी! कागदावर नाव कोणाचं? अनंत, म्हणजे माह्यंच! चालवते कोण, धुते कोण? मीच! पण लग्नात देली कोणी? आमच्या सासऱ्यानं, भगवानरावनं. मंग झालं! आठ वर्षं होऊन राह्यले, गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द मामाजीचा. अन् मामाजीपुढं बोलते कोण?

परवाचंच पाहा. साळीचं, सुरभीचं, साक्षगंध, साखरपुडा हो, मुकुटबनले. घाटंजीहून सगळ्यायले माह्याच गाडीत न्यायचं, म्हणून आठ दिवस आधी गाडी पांढरकवड्याले रूपसिंग मिस्त्रीकडं नेली. टायमिंग बेल्ट बदलवायचा होता. इंजिनातला दाताचा पट्टा हो, तो तुटला का इंजिनचं वाटोळंच! रूपसिंगनं सगळं खोललं, वॉटर पंपाची पुली हातानं हलवली अन् म्हणते, "अनंतभाऊ, पाहा, खडखड करून राह्यलं. बेअरिंग गेलं. याच पट्ट्यावर हा पंप फिरते. उद्या जाम झाला तं नवा पट्टाही घेऊन जाईन. खोललंच हाये, तं बदलवून टाकू." म्या म्हटलं, टाक बाप्पा! पण संग कोण आलतं? मामाजी!

मामाजी वाकले. पंपावरून बोट फिरवलं. बोट धोतराले पुसलं. "कोरडा हाये," म्हणते. "गळून नाही राह्यला, तं बदलवता कायले? माह्या विहिरीवरचा पंप पंधरा वर्षं झाले कपाशीले पाणी देऊन राह्यला, त्याले कोणी खोललं काय?" रूपसिंग म्हणते, "काका, तो पंप वेगळा, हा..." "पाणीच फेकते ना? मंग वेगळा कायचा!"

आता इथं मी तोंड उघडायचं का नाही? उघडलं! "मामाजी..." एवढंच निघालं. त्यायनं नुसतं पाह्यलं माह्याकडं. तुमाले सांगतो, तसं पाहणं आमच्या साहेबालेही जमत नाही! म्या म्हटलं, "...चहा घेता काय?" काय करता, मामाजीपुढं बोलते कोण? रूपसिंगनं गुपचूप नवा पट्टा जुन्याच पंपावर चढवला. मामाजीनं बोनटले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला.

साक्षगंधाचा दिवस. समोर मामाजी, मांगं सासूबाई, माह्यी बायको सुचित्रा, अन् मधात सुरभी, हिरव्या शालूत. मुकुटबन बारा किलोमीटर राह्यलं, अन् बोनटातून कर्रर्र... खाट! इंजिन बंद. मले लगेच समजलं, पंप जाम, नवा पट्टा खल्लास! वर ऊन, खाली डांबर, अकराचा मुहूर्त, सुरभी रडून राह्यली, काजळ गालावर! अन् सुचित्रा म्हणते, "अहो, तुम्ही त्या दिवशी बोलले काहून नाही?" मी! मी बोलायचं? तू बोलली काय आजवर तुह्या बापापुढं? हे म्या मनातच म्हटलं. तिच्यापुढं तरी बोलते कोण?

शेवटी नवरदेव, रजत, सोताच ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला, नव्या कुडत्यावर. सगळे ट्रॉलीत सतरंजीवर. गाडी मांगं दोरानं बांधली, अन् स्टेअरिंगवर कोण? मी! इंजिन बंद म्हणून स्टेअरिंग दगडासारखं, सगळी धूळ माह्या तोंडात, अन् बारा किलोमीटर नजरेसमोर मामाजीची पाठ!

मांडवात पोचलो, तं मामाजी व्याह्याले सांगून राह्यले, "गाडीत काहीच खराबी नव्हती हो. जुन्या पट्ट्यावर आठ वर्षं मस्त चालली. जवाईबापूनं हट्टानं नवा पट्टा टाकला, अन् घात झाला!" अन् शंभर माणसं माना डोलवून राह्यले! माह्यी तळपायाची आग मस्तकात! म्हटलं, आज बोलतोच, साक्षगंध मोडलं तं मोडलं... उठलोही! अन् सुरभीकडं नजर गेली. काजळ पुसून नुकतीच हसलती पोरगी. बसलो खाली.

तेवढ्यात रजत बाजूले सरकला, कानात म्हणते, "भाऊ, पंप जाम झाला असन ना? पट्ट्याचा काय दोष?" मिळाला हो, अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस मिळाला! डोळ्यात पाणीच आलं. त्याचा हात धरला, म्हटलं, "बापू, तुले समजलं, माह्यं सोनं झालं. पण हे आता पोटातच ठेव. अर्ध्या तासात तूही जवाई होऊन राह्यला!"