खालची वस्ती गप्प का राहिली

सन्माननीय अध्यक्ष रामकिसनराव, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते इब्राहीम सर, शमशादभाभी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

सरांच्या शिकवण्याबद्दल चार शब्द बोलावेत, असं मला सांगितलं होतं. लिहूनही आणले होते. पण आठवडाभर माझं चित्त थाऱ्यावर नाही, तेव्हा सांभाळून घ्यावं.

गेल्या सोमवारी सर नववीला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध शिकवत होते. शेजारच्या वर्गात मला ऐकू येत होतं. तेरा वसाहती राजाविरुद्ध उठल्या, जवळची नोव्हा स्कॉशिया मात्र उठली नाही. एका मुलीनं विचारलं, ते लोक भित्रे होते का? सर म्हणाले, तिथल्या बंदरात राजाचं आरमार होतं. तोफ दारात असली की माणूस वेगळा विचार करतो.

तास संपल्यावर मी हसतच म्हटलं, आमच्या करमाडकडंही असंच झालं की. दोन वस्त्या, मधे ओढा. रझाकारांच्या काळात आमची वरची वस्ती लढली, खालची गप्प बसली. अजून आम्ही त्यांना भित्रेच म्हणतो.

सरांनी खडू खाली ठेवला.

"बाई, रझाकारांचं ठाणंच खालच्या वस्तीत होतं. ठाण्याशेजारी कोण झडती घेणार, म्हणून तुमच्या बायका-लेकरं आमच्या घरांत लपवली होती. आम्ही उठलो असतो तर तुमचं काय झालं असतं? चार वर्षांच्या होता तुम्ही. माझ्या अम्मीजवळ निजायचात."

एकोणीस वर्षं मी यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसते आहे. सर त्या वस्तीचे, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं!

संध्याकाळीच गाव गाठलं. माझी आई, सरूबाई, ज्वारी निवडत होती. सरांचं बोलणं मी तिला सांगितलं. मान न उचलता ती म्हणाली, "व्हय. अनवरीनं लई केलं तुझं."

अनवरी म्हणजे सरांची अम्मी. तिचं घर आता कुठं आहे, मी विचारलं.

"पोलीस ॲक्शननंतर आपल्याच वस्तीनं जाळलं. तुझा बाप लढ्याच्या छावणीतून आला, त्यो बी गेला संगं. म्या हात धरला, सांगितलं हितंच आपली पोर जगली. त्यानं हात झटकला."

मंडळी, मी काय करावं सांगा! दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत? ते म्हणाले, तुम्ही नोकरीला लागलात तेव्हाच अम्मीला सांगितलं होतं, की ही सरूबाईंची पोर. ती म्हणाली, पोरगी जगली ना, मग तिला कशाला सांगायचं.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी हे बोलायला नको होतं, असं कुणाला वाटलं तर माझी चूक पदरात घ्यावी. अनवरीबाई आता नाहीत, माझे वडीलही नाहीत. म्हणून सर, त्या घराची माफी मी तुमच्याकडं, या सगळ्यांसमोर मागते.