लॅपटॉपसमोरची पोह्यांची प्लेट

तुम्ही विचारता न, आईनं मले डेन्मार्कला राहू कसं देलं? ऐका.

तिथं पीएचडी म्हणजे पगारी नोकरीच. आमच्या समता कॉलोनीतल्या घरातून माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू होता. आईचं एकच, "परदेशात तुले जेवली का म्हणून कोण विचारन?" तरी मधातच आली अन् लॅपटॉपसमोर पोह्यांची प्लेट ठेवून गेली.

"आई, काय करून राहिली?"

"पाहुण्याले तसंच बसवतेत का?"

स्क्रीनवरच्या डॅनिश प्रोफेसरनं आई काय म्हणाली म्हणून विचारलं, तर मी खरं ते सांगून टाकलं. ते नुसते हसले.

नोकरी लागली, अन् आईच्या मनात नसतानाच मी तिकडे गेली. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर केकची प्लेट ठेवली अन् म्हणाले, "आता आईला व्हिडिओ कॉल लाव."

आई त्या प्लेटकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "आता राह्य खुशाल."