ठमाकाकीचा बांध

श्रमदानाचं कौतुक मला सांगू नका! मुरबाडला एका सामाजिक संस्थेत कामाला होतो तेव्हा एका कंपनीचे साहेबलोक ओढ्यावर बंधारा घालायला आले. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. तासाभरात त्यांनी मातीच्या ढीगभर गोण्या भरल्या आणि मी मूर्खासारख्या टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात गावातली ठमाकाकी ओरडत आली. माती तिच्या भातखाचराच्या बांधाची होती! पाणी अडवायला आलेल्यांनी पाणी अडवणारा बांधच खणला होता.

"माझा बांध कशाला फोडलात?"

मोठे साहेब हसले. "अहो आजी, आम्हाला वाटलं, नुसता मातीचा ढीग आहे."

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत काकी म्हणाली, "उद्या तुमच्या कंपनीची भिंत मला नुसता इटांचा ढीग वाटली, तर तुमी असंच हसाल का?"