'मी' म्हणणारा मंत्री

—नाही नाही, ओठ मिटूनच ठेवा साहेब, बोललात की रंग तडकतो. मी बोलते, तुम्ही ऐका. या खुर्चीत मंत्र्यांनी गप्प बसायचं आणि मेकअपवालीने बोलायचं, ही आमच्या स्टुडिओची रीतच आहे — बाहेर कॅमेऱ्यासमोर गेल्यावर आहातच की तुम्ही! हनुवटी वर. अस्सं. तर तुम्ही विचारत होतात, तुमच्या आधीच्या पूलमंत्र्यांना त्या दिवशी झालं तरी काय? अहो, सगळा देश विचारतो. वेड लागलं म्हणे, औषध डोक्यात चढलं म्हणे, विरोधकांनी चहातून काहीतरी पाजलं म्हणे — काय काय वावड्या उठल्या! पण मी होते ना तिथे. याच आरशासमोर.

नदीवरचा तो नवा पूल उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कोसळला, आठवतं? नशीब, वर गाड्या नव्हत्या, नुसता तालमीला आलेला बँड होता. अख्खा बँड पाण्यात! ड्रमवाला ड्रमवर पालथा पडून तरंगत काठाला लागला, बाकीचे पोहले. हसू नका, पावडर उडते. मीही आता हसते, तेव्हा नाही हसले — त्यातला ट्रंपेटवाला माझा धाकटा भाऊ. खांद्याचं हाड मोडलं त्याचं. आणि त्याच संध्याकाळी साहेब पत्रकार परिषदेसाठी माझ्यापुढे येऊन बसले. त्यांचा सेक्रेटरी म्हणतो, बाई, चेहरा दुःखी करा — पण जपून हां, दुःखी दिसू दे, जबाबदार नको. आता हा रंग कुठल्या डबीत मिळतो, तुम्हीच सांगा! मी गालावर ब्रश फिरवता फिरवता बोलून गेले — मला मेलीला तोंड बंद ठेवता येतं का कधी? — म्हटलं, साहेब, माझा भाऊ होता त्या पुलावर. ते एकदम दचकले. "कसा आहे?" म्हटलं, हाड जुळेल, पण सकाळपासून एकच धोशा लावलाय, ताई, पूल पडला कुणामुळे? मी काय सांगू त्याला? ते आरशात स्वतःकडे बघत राहिले, एखादा अनोळखी माणूस दिसावा तसे.

मग गेले बाहेर. खिशात उत्तर तयार होतं — नदी जबाबदार, वारा जबाबदार, समिती नेमली आहे. पत्रकाराने विचारलं, "जबाबदार कोण?" आणि हे म्हणाले, "मी." बस्स! "इंजिनियर थांबा म्हणत होते, मीच घाई केली. निवडणुकीआधी फीत कापायची होती मला." सगळे गार! पत्रकारांकडे पुढचा प्रश्नच नव्हता हो — कधी गरजच पडली नव्हती! एकाने सवयीने विचारलं, "म्हणजे आपण आरोप फेटाळता?" हे म्हणाले, "नाही, मान्य करतो." दुसरा म्हणतो, "यामागे परकीय हात आहे का?" तर हे म्हणाले, "नाही हो, हाच —" आणि स्वतःचाच हात वर करून दाखवला! सेक्रेटरीने धावत जाऊन दिवे घालवले. पक्षाने जाहीर केलं, साहेबांना ताप आहे. डॉक्टर म्हणाले, ताप नाही. पक्ष म्हणाला, मग येईल!

राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात हजर. गाडी नाही, माणसं नाहीत, हातात संत्र्यांची पिशवी. भावाला म्हणाले, माफ कर. भाऊ म्हणाला, "माफीचं नंतर बघू, आधी संत्रं सोलून द्या, माझा एकच हात चालतो." आणि सोलताच येईना! नखाने नुसतं खरवडतायत, रस बाहीवर — मला जे हसू फुटलं, आवरेचना, मग हेही हसायला लागले, आणि —

काय? "हे" कोण?

अगबाई! "हे" म्हणाले मी? कधीपासून म्हणतेय? — जाऊ दे आता, तीर सुटला. हो, झालं लग्न. गेल्या वर्षी. इथे कुणाला बोलू नका, माझी नोकरी जाईल. अहो, इतका सुखी माणूस मी पाहिला नाही! दूध उतू गेलं, कुणी लक्ष नाही दिलं? — "मी!" किल्ली कुणी हरवली? — "मी!" कधी कधी किल्ली मीच हरवलेली असते, तरी आतल्या खोलीतून हेच ओरडतात! म्हणतात, काय हलकं वाटतं गं, इतकी वर्षं उगाच समित्या नेमत बसलो.

बरं, आता तुमचं. परवा पडला तो पूल तुमचा ना? कोनशिला तुम्ही बसवलीत, फीत तुम्हीच कापलीत, हार याच गळ्यात पडले. मग बघा की तुम्हीही म्हणून! एवढंसं अक्षर आहे, घशात अडकत नाही. हलवा ओठ, आता चालेल. थांबा, मी पत्रकार होते — सांगा साहेब, जबाबदार कोण?

...

कोण? आधीचे मंत्री?

उठा.

नाही, झालं माझं काम. डावा गाल? दिसतोय मला, कोराच आहे. राहू दे. उजवा गाल पुढे करून बोला.